बिल्ला खिशात ठेवू नका! अणुवीज केंद्रात कामाला जाणाऱ्याला किरणोत्सारापासून बचाव कसा शिकवतात?

पालघर : तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देतंय. तिथली एखादी अणुभट्टी देखभालीसाठी बंद केली की माणसं जास्त लागतात. वेल्डर, फिटर, रंगारी, साफसफाईवाले, त्यातले बरेच कंत्राटावर. आपल्या गावाकडची पोरंही त्यात असतात. घरच्यांना एकच धास्ती असते, 'पोराला काही होणार तर नाही ना?'

किरणोत्साराला रंग नाही, वास नाही, चटकाही बसत नाही. फवारणीचं औषध नाकाला कळतं, हे कळत नाही. म्हणून आत सोडण्याआधी प्रशिक्षण देतात. ते नुसतं सहीपुरतं नसतं, नीट ऐका.

वेळ, अंतर, आडोसा

पहिला धडा चुलीसारखा आहे. चुलीपुढे जितका वेळ बसाल तितकी धग जास्त. लांब सरकलात की कमी. मध्ये पत्रा धरला की आणखी कमी. किरणांचंही तसंच.

समजा एका जागी तासाला १ मिलिसीव्हर्ट इतका मारा आहे. (मिलिसीव्हर्ट म्हणजे शरीराला लागलेले किरण मोजायचं माप.) तिथे तासभर थांबलात तर १ मिलिसीव्हर्ट, सहा मिनिटांत काम उरकलं तर फक्त ०.१. म्हणून अवघड कामाचा सराव आधी बाहेर, नकली यंत्रावर करून घेतात. कुठला पाना लागणार, कुठला नट आधी खोलायचा, हे आत गेल्यावर शोधत बसायचं नाही.

लहान जागेतून किरण येत असतील, तर अंतर दुप्पट केल्यावर मारा चौथ्या भागावर येतो. आडोसा शिशाचा, काँक्रीटचा किंवा पाण्याचा असतो.

किरण लागणं वेगळं, धूळ लागणं वेगळं

एक्स-रे काढला म्हणून तुमच्या अंगातून किरण निघत नाहीत. पण किरणोत्सारी धूळ किंवा पाणी हाताला, बुटाला लागलं तर ते चिखलासारखं तुमच्याबरोबर फिरतं. तोंडावाटे पोटात गेलं तर आतून मारा सुरू होतो. म्हणून केंद्रात स्वच्छ भाग आणि धोक्याचे भाग वेगळे असतात. हद्दीवर बूट-कपडे बदलायचे, बाहेर पडताना यंत्रावर हात-पाय तपासायचे. आत तंबाखू, विडी, चहा, पाणी काहीच नाही.

२००९ साली कर्नाटकातल्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं. ५० हून अधिक कामगारांच्या पोटात ते गेलं. हे बिल्ल्यावरून नाही, लघवीच्या तपासणीतून कळलं. म्हणून लघवीचा नमुना मागितला तर टाळाटाळ करू नका.

बिल्ला म्हणजे तुमचा हिशेब

छातीवर लावायचा बिल्ला किरण अडवत नाही, फक्त मोजतो. तो ठरावीक काळाने प्रयोगशाळेत वाचला जातो. त्याशिवाय लगेच आकडा दाखवणारं छोटं मापक देतात. आत जाताना आणि बाहेर येताना ते स्वतः वाचा.

अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा अशी आहे : पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १. जमीन, हवा, आकाश यांतून जगभरात माणसाला सरासरी २.४ च्या आसपास मिळतातच, ते या मर्यादेत धरत नाहीत. मर्यादेच्या आत म्हणजे बिनधास्त, असंही नाही. डोस वाढला की कॅन्सरची शक्यता थोडी थोडी वाढते असं धरूनच नियम केलेत. म्हणून जितका कमी, तितका बरा.

खरी गोम इथेच आहे. आकडा ठरलेल्या हद्दीला पोचला की त्या भागातलं काम थांबतं, आणि हजेरी बुडायची भीती वाटते. मग कुणी म्हणतो, 'बिल्ला काढून ठेव, चार दिवस जास्त मिळतील.' जपानमध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर एका उपकंत्राटदाराने कामगारांना मापकावर शिशाचं झाकण लावायला सांगितलं होतं. २०१२ मध्ये ते उघड झालं. तापमापी लपवली म्हणून ताप उतरत नाही. किरण लागायचे ते लागतातच, फक्त कागदावर येत नाहीत. उद्या आजार झाला तर दाखवायला पुरावाच उरत नाही.

कामाला जाण्याआधी एवढं बघा

- वय १८ पूर्ण हवं. त्याखालच्या मुलाला या कामावर घेता येत नाही.
- प्रशिक्षण समजेल अशा भाषेत मागा. कळलं नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका.
- बिल्ला आपल्याच नावाचा वापरा. दुसऱ्याला देऊ नका, घरी नेऊ नका.
- आधी दुसऱ्या केंद्रात काम केलं असेल तर सांगा. जुना डोस नव्यात धरला जातो.
- बाई गरोदर असेल तर लगेच कळवा. बाळासाठी मर्यादा फार कमी आहे.
- काम संपल्यावर आपला डोस किती झाला ते विचारून लिहून ठेवा. देशातल्या अशा कामगारांच्या डोसची नोंदवही भाभा अणुसंशोधन केंद्रात असते, पण आपल्या वहीतही आकडा असू द्या.

मजुरीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. हाही तसाच ठेवा.