समुपदेशनाला जाण्यापूर्वी

मागे एक गृहस्थ १९ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. पाऊण तासाने मुलगी बाहेर गेली आणि ते आत आले. "डॉक्टर, काय म्हणाली ती?" फी त्यांनी भरली होती. मी सांगितले नाही, ते रागावले.

हे मी आधीच सांगायला हवे होते. सज्ञान व्यक्तीचे बोलणे तिच्या संमतीशिवाय घरच्यांना सांगता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका दिसला, तर मात्र आम्हाला गप्प बसता येत नाही. आपले बोलणे फुटेल अशी शंका आली, की माणूस हवापाण्याच्या गप्पा मारून उठतो.

औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. ते वैद्यकीय डॉक्टर असतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. पाटीवर नुसते 'समुपदेशक' असेल, तर शिक्षण काय झाले ते खुशाल विचारावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. फी किती, येणे चुकल्यास पैसे पडतात का, हेही पहिल्याच दिवशी विचारावे. भाजी घेताना आपण संकोचतो का?

पहिली बैठक बहुधा माहिती घेण्यातच जाते. घरी गेल्यावर काहींना उलट जास्त रडू येते. तेवढ्यावरून सोडू नये. तीन-चार बैठकांनंतरही जमत नसेल, तर तसे सांगून दुसरीकडे जावे. रात्री-अपरात्री घालमेल झाल्यास 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

ती मुलगी पुढच्या आठवड्यात आली. वडील बाहेर बाकावर पेपर वाचत बसले होते.