टाचण वहीचं शेवटचं पान

पाठ टाचण वही तपासायला गेली की मुख्याध्यापक पुढची पानं बघतात. घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, खाली सही. शेवटचं पान कोणी उघडत नाही. कोथरूडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवताना माझ्या वह्यांच्या या शेवटच्या पानांवर गेली दहा-बारा वर्षं एक यादी वाढत गेली आहे. संकेतस्थळांची नावं, ॲपची नावं, पासवर्ड आठवावा म्हणून केलेल्या खुणा आणि पुढे कंसात एकच शेरा: फुकट. या मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या वह्या खाली काढल्या आणि यादीतलं एकेक नाव उघडून पाहिलं. काही उघडलीच नाहीत, काहींनी पैसे मागितले. जी उघडली, त्यांनी मला वर्गातल्या त्या-त्या वर्षांपर्यंत नेलं.

सगळ्यात जुन्या वहीत दोनच नावं आहेत. पहिलं अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळाचं. आमच्या पिढीच्या पुण्यातल्या शिक्षकांना 'फुकट' या शब्दाचा चांगला अर्थ त्यांच्यामुळे कळला. आयुका या पुण्यातल्या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते २००३ ते २०१४ या काळात होते. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून केलेली खेळणी, त्यांच्या फिती आणि शेकडो पुस्तकं, मराठीतली सुद्धा, त्यांनी कोणालाही उतरवून घ्यायला मोकळी ठेवली. खातं उघडा, फोन नंबर द्या, असलं काही नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शिक्षक खोलीत पेढे आले होते.

दुसरं नाव जिओजेब्रा. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१ साली पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून ते सुरू केलं. ते पेनड्राइव्हवर मावायचं आणि इंटरनेटशिवाय चालायचं, म्हणून आमच्या संगणक कक्षात टिकलं. दहावीच्या भूमितीत एक प्रमेय आहे: अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो. फळ्यावर मी एक आकृती काढायचे, सिद्धता लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची. प्रोजेक्टरवर पहिल्यांदा तो बिंदू वर्तुळावरून सरकवला, तेव्हा त्रिकोण लवचिक होऊन हलायला लागला आणि कोपऱ्यातला ९०° हा आकडा मात्र ढिम्म. वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आत ढकला ना त्याला!" मी बिंदू वर्तुळाच्या आत घेतला. आकडा ९०च्या वर गेला. "आता बाहेर!" बाहेर नेला तर खाली आला. पाठ्यपुस्तकात न विचारलेला प्रश्न त्या मुलाने विचारला होता आणि उत्तर मी दिलं नव्हतं. त्या दिवशीच्या टाचणात मी समासात लिहून ठेवलंय: आत, बाहेर.

त्यानंतरच्या वह्यांत नावांचा पाऊस आहे. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि नवी साधनं वापरून बघायचा हुरूप आला. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की सुतारदऱ्यातल्या आणि केळेवाडीतल्या आमच्या मुलांच्या घरी एकेक तरी स्मार्टफोन दिसायला लागला. विज्ञानाच्या बाईंनी फेट आणलं. कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेले हे आभासी प्रयोग. त्यातल्या विद्युत परिपथात वायर थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडली की पडद्यावर आग लागते. सगळ्यांना आधी ती आगच लावायची असायची. प्रयोगशाळेत 'हात लावू नका' ऐकत वाढलेल्या मुलांना शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे त्या खोट्या आगीने शिकवलं.

मग कहूत आलं. नॉर्वेचं, २०१३चं. प्रश्न पडद्यावर, उत्तराचे चार रंग हातातल्या यंत्रावर आणि घड्याळ टिकटिकत. टोपणनाव घेऊन खेळता येतं म्हटल्यावर पुण्याची मुलं गप्प कशी बसणार? विजेत्यांच्या यादीत 'येथे थुंकू नये' पहिला आणि 'चौकशी करू नये' दुसरा. धमाल होती. पण दोन महिन्यांत लक्षात आलं की जिंकणारे तेच ते पाचजण आहेत. उत्तर जितकं लवकर, गुण तितके जास्त. विचार करून दाबणारी मुलं खाली राहायची आणि काही जण तर वाचायच्या आधीच दाबायची. बोलका झालेला वर्ग आणि नुसता गोंगाट करणारा वर्ग, यांतला फरक मला त्या खेळाने दाखवला.

प्लिकर्सने नेमका उलटा धडा दिला. त्यात मुलांच्या हातात यंत्रच नसतं. प्रत्येकाकडे पुठ्ठ्याचं एक कार्ड, त्यावर क्यूआर कोडासारखी काळी-पांढरी आकृती. कार्डाची जी बाजू वर, ते उत्तर. शिक्षकाने आपला फोन वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं टिपली जातात. प्रत्येकाची आकृती वेगळी, अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याने काय धरलंय ते कळत नाही. आठवीत मी विचारलं, −३² म्हणजे किती? अर्ध्याहून जास्त वर्गाने ९ धरलं होतं. नेहमी पहिल्या बाकावरून 'हो बाई' म्हणणारे सुद्धा त्यात होते. वजाचं चिन्ह कंसात घातलेलं नसलं की वर्ग फक्त तीनचा होतो, उत्तर −९, हे मी गेली कित्येक वर्षं 'शिकवत' होते. हात वर करायला लावलं असतं, तर पहिल्या दोघांचं बघून बाकीचे वर झाले असते. कोण चुकलं ते फक्त मला दिसलं, त्यांच्या मित्रांना नाही. या फुकट साधनांनी मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असं विचारलं, तर मी हेच सांगेन: चारचौघांत न लाजता चुकायची सोय.

त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून यायला लागले. २०१७च्या शिक्षकदिनी केंद्राचं दीक्षा हे ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ सुरू झालं. पुस्तकाच्या पानावर कोड ही कल्पना राबवणारे रणजितसिंह डिसले हे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले तेव्हाचे शिक्षक. त्यांना ३ डिसेंबर २०२० रोजी १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. शहरातल्या आम्हा शिक्षकांना तोवर वाटायचं, ही नवी खूळं आपल्याकडून गावाकडे जातात.

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आम्ही सगळे घरी बसून होतो. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले. दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर पुढे गेला आणि शेवटी रद्दच झाला. जूनमध्ये वही उघडली ती स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी. फोन वडिलांबरोबर कामावर जायचा, म्हणून निम्म्या वर्गाची शाळा रात्री आठला भरायची. झूमची फुकटाची बैठक ४० मिनिटांत बंद पडायची. आमचा तास ३५ मिनिटांचा, तेव्हा तेवढं जमून गेलं. वह्यांचे फोटो नीट यावेत म्हणून सगळ्यांना कॅमस्कॅनर घ्यायला लावलं आणि २९ जूनला सरकारने ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत तेही गेलं. ज्यांच्याकडे फोनच नव्हता, त्यांच्यासाठी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएलची 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका होती. टीव्हीला पासवर्ड लागत नाही, हे तेव्हा फार मोठं वाटलं.

पडद्यावर काळे चौकोन आणि मी. 'कळलं का?' विचारलं की शांतता. पण वर्गात वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा फक्त मला दिसेल असा निरोप लिहायला लागला: "बाई, तिसरी पायरी परत." रोज एक. शाळा भरल्यावर तो पुन्हा गप्प झाला, तेव्हा मी वर्गाच्या दाराशी बुटांचं एक रिकामं खोकं ठेवलं. चिठ्ठी टाका, नाव नको. ते खोकं अजून आहे. साधन गेलं, सोय ठेवली.

नंतरची पानं हिशेबाची आहेत. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद झालं आणि त्यावर चालणारे जुने किती तरी प्रयोग, खेळ एका दिवसात मुके झाले. गूगलचा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ला गेला. मुलांनी त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून केलेल्या फळ्यांच्या फाइली मी उतरवत बसले. जिओजेब्रा २०२१च्या डिसेंबरमध्ये बायजूजने विकत घेतलं, तेव्हा धस्स झालं होतं. पुढे ती कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. जिओजेब्रा अजून चालतंय आणि वर्गासाठी फुकटच आहे. फेटने आपले प्रयोग एकेक करून नव्या तंत्रात आणले, त्यातले काही मराठीतही आहेत. विद्यापीठातून आलेली ही दोन्ही नावं यादीत टिकली.

आणि फुकटाची किंमतही कळली. प्रत्येक खात्याला मुलाचं नाव, इमेल, जन्मतारीख हवी असायची आणि २०२० साली आम्ही ते सगळं भराभरा भरून मोकळे झालो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागेल असं म्हटलं, तेव्हा मी पहिल्यांदा विचार केला की आपण कोणाला विचारून दिलं होतं? आता मी पटावरचे क्रमांक घालते, नावं नाही.

यंदा जानेवारीत दहावीला तेच प्रमेय होतं. बिंदू सरकवणार, तेवढ्यात वीज गेली. मी म्हटलं, दोन टोकं पक्की, कोन ९०च राहिला पाहिजे, तर बिंदू कुठं कुठं उभा राहू शकेल? थोडा वेळ कुजबुज झाली. मग दुसऱ्या बाकावरच्या एकीने कंपासपेटीतून गुण्या काढला. "बाई, याचा कोपरा चालेल?" पुठ्ठ्यावर दोन टाचण्या उभ्या केल्या, गुण्याच्या दोन कडा त्यांना टेकवून तो सरकवत गेली आणि जिथं जिथं कोपरा आला तिथं मैत्रिणीने पेन्सिलीने ठिपका दिला. दहाव्या-बाराव्या ठिपक्याला अर्धवर्तुळ दिसायला लागलं. "आणि कोपरा जास्त अणकुचीदार असला तर?" मागून कोणीतरी विचारलं. गुण्याचा ६०°चा कोपरा निघाला. ठिपके या वेळी आणखी वरून, मोठ्या कमानीत गेले.

त्या दिवशीच्या टाचणात शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात लिहिलं: पुठ्ठा, दोन टाचण्या, गुण्या. समासात पुन्हा तेच दोन शब्द लिहिले. शेवटच्या पानावर लिहायला काही नव्हतं.