मऊ धातू, हिऱ्याची धार

घरातील पातेले, मोटारीच्या इंजिनातील पिस्टन आणि विमानाच्या पंखाचा सांगाडा या तिन्ही वस्तू ॲल्युमिनियमच्या असतात. पातेले पत्रा दाबून घडविता येते. परंतु पिस्टन वा विमानाचा सुटा भाग लेथ किंवा मिलिंग यंत्रावर नेमक्या मापात कापावा लागतो. धातू मऊ, तेव्हा तो कापणे सोपे, अशी समजूत साहजिकच होते. कारखान्यातील अनुभव मात्र निराळा आहे.

अडचणी दोन आहेत. पहिली चिकटण्याची. कापताना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने व दाबाने ॲल्युमिनियम हत्याराच्या धारेला चिकटते. तेथे त्याची गाठ साचते, ती अधूनमधून तुटते आणि तुटताना धारेचे कणही उपटून नेते. परिणामी पृष्ठभाग खरबरीत होतो व माप चुकते. ड्रिलच्या खोबणीत किस अडकल्यास ड्रिलच मोडते.

दुसरी अडचण झिजेची. साच्यात रस नीट वाहावा म्हणून ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळतात. त्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांहून अधिक झाले की सिलिकॉनचे मोठे, कठीण स्फटिक वेगळे होऊन धातूत विखुरतात. मऊ भातात खडे असावेत तसाच हा प्रकार. असे खडे धार झपाट्याने बोथट करतात.

या दोन्ही अडचणींवरील उपाय एकाच मूलद्रव्यात सापडला आहे. ते मूलद्रव्य म्हणजे कार्बन. पेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि अंगठीतील हिरा ही दोन्ही कार्बनचीच रूपे होत; फरक आहे तो अणूंच्या जोडणीत.

चिकटण्यावर ‘हिरासदृश कार्बन’ गुणकारी ठरतो. यात हिऱ्याची व ग्रॅफाइटची अशा दोन्ही जोडण्या मिसळलेल्या असतात. आयसेनबर्ग व शाबो या संशोधकांनी १९७१ मध्ये अशा थराविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. निर्वात पात्रात कार्बाइडच्या हत्यारावर एकदोन मायक्रॉन जाडीचा थर चढवितात. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्याच्या बारीकपणाची कल्पना यावी. थर पातळ असल्याने धार तीक्ष्ण राहते आणि गुळगुळीत असल्याने किस सहज निसटतो. ६०६१ व ७०७५ या मिश्रधातूंत सिलिकॉन एक टक्क्याहून कमी असते. त्यांना हा मुलामा मानवतो.

झिजेवर खऱ्या हिऱ्याचाच थर लागतो. जपानमधील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये तापलेल्या तारेच्या साहाय्याने, हायड्रोजन व थोड्या मिथेन वायूतून हिऱ्याचा थर वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हत्याराचे तापमान त्या वेळी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. कार्बाइडमधील कोबाल्टमुळे हिऱ्याऐवजी ग्रॅफाइट तयार होते व थर सुटतो. म्हणून पृष्ठभागावरील कोबाल्ट आधी आम्लाने काढून टाकतात. हा थर अधिक जाड व महाग असतो, आणि त्याने धार किंचित गोलावते. परंतु सिलिकॉनच्या खड्यांपुढे तोच टिकतो.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. हिऱ्याचे हत्यार पोलादावर चालवू नये. तापलेल्या लोखंडात हिऱ्यातील कार्बन विरघळून थर नष्ट होतो. उलटपक्षी, पोलादासाठी लोकप्रिय असलेल्या काही मुलाम्यांत ॲल्युमिनियमच असते. असे मुलामे ॲल्युमिनियमच्या कामासाठी सहसा टाळतात, कारण धातू त्यांना चिकटण्याची शक्यता वाढते.

बेळगाव जिल्ह्यात हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग तयार होतात. अशा कामात एक भाग बाद झाला तर मौल्यवान धातू व कित्येक तासांचे श्रम वाया जातात. लहान कारखानदाराला हा तोटा अधिकच जाणवतो. म्हणून हत्यार घेण्यापूर्वी त्याने प्रथम धातूतील सिलिकॉनचे प्रमाण विचारावे. प्रमाण अल्प व काम थोडे असेल तर मुलाम्याविना, चकचकीत घासलेले कार्बाइडही पुरते. काम मोठे असेल तर हिरासदृश कार्बन घ्यावा. सिलिकॉन भरपूर असेल तर हिऱ्याचा खर्च करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी हा साधा नियम विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविल्यास पुष्कळ हत्यारे आणि पुष्कळ श्रम वाचतील.