घराची निगा पावसाळ्यापूर्वी : काय स्वतः करावे आणि कुठे थांबावे

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून देशभर ओळखले जाते. भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे जवळच्या जामुल येथे सिमेंटचा कारखाना आला आणि झोतभट्टीतून निघणारी धातुमळी सिमेंटसाठी वापरली जाऊ लागली. मूळचे खेडे असलेली आणि आता शहरात सामावलेली कुरुद ही वस्ती याच औद्योगिक परिसरात आहे. घर बांधण्यासाठी लागणाऱ्या दोन मुख्य वस्तू जिथे तयार होतात, तिथल्या घरांनाही मृगाचा पाऊस सुरू झाला की गळती, ओल आणि तडे यांना तोंड द्यावे लागते. याचे कारण असे की घर किती टिकेल हे केवळ सिमेंट आणि पोलादाच्या दर्जावर अवलंबून नसते. त्याची निगा वेळेवर राखली जाते की नाही, यावरही ते ठरते.

कारखान्यात यंत्र बिघडण्याची वाट पाहिली जात नाही. ते ठरावीक काळाने बंद करून तपासले जाते, झिजलेला भाग बदलला जातो आणि त्याची नोंद ठेवली जाते. यालाच प्रतिबंधात्मक देखभाल म्हणतात. घराच्या बाबतीत मात्र छत गळू लागल्यावरच गवंड्याचा शोध सुरू होतो. त्या वेळी गवंडी मिळत नाही, मिळाला तरी ओल्या छतावर काम टिकत नाही आणि खर्च वाढतो.

शाकारणीची परंपरा

खरे पाहता ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे हा महाराष्ट्रातील कौलारू घरांचा वार्षिक नेम होता. फुटकी कौले बदलणे, सरकलेली कौले बसवणे, वासे आणि रिपा वाळवीसाठी तपासणे ही कामे उन्हाळ्यातच उरकली जात. विदर्भात ज्याला कवेलू म्हणतात, तो छत्तीसगडमध्ये खपरा आहे. तेथेही पाऊस येण्याआधी छप्पर उलगडून पुन्हा रचण्याची रीत आहे. दिवाळीपूर्वी भिंतींना छुही या पांढऱ्या मातीचा हात देण्याची प्रथाही त्याच जातीची आहे. त्यामुळे घर सुशोभित होतेच, शिवाय भिंतीचा प्रत्येक कोपरा वर्षातून एकदा डोळ्यांखालून जातो. सिमेंटचे छत आल्यावर ते कायमचे आहे असा समज रूढ झाला आणि शाकारणीबरोबर तपासणीही मागे पडली.

पाणी घर कसे पोखरते

काँक्रीटमधील सळई सहसा गंजत नाही, कारण ताज्या काँक्रीटमधील तीव्र क्षारता तिच्यावर एक संरक्षक पापुद्रा निर्माण करते. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत राहतो आणि ही क्षारता कमी करतो. त्यातच छतातून पाणी झिरपू लागले की सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. तो आतून दाब देतो, सळईच्या रेषेत तडा जातो आणि अखेर छताचा पोपडा खाली कोसळतो. म्हणजेच छतावर दिसणारा तांबूस डाग हा रंगाचा दोष नसून आत सुरू झालेल्या झिजेची पहिली सूचना असते.

म्हणून देखभालीचा आरंभ गच्चीपासून करावा. गच्चीवर साचलेला पालापाचोळा, माती आणि जुने सामान हलवावे. पन्हाळी आणि पाण्याच्या नळांची तोंडे मोकळी करावीत. त्यानंतर दोन-चार बादल्या पाणी ओतून ते कोणत्या दिशेने वाहते आणि कोठे साचते, हे पाहावे. गच्चीला शंभर सेंटिमीटरमागे सुमारे एक सेंटिमीटर उतार असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पाणी साचणाऱ्या जागी खडूने खूण करावी, कारण गळतीचे मूळ बहुधा तिथेच सापडते. मात्र गच्चीवर पडलेले पाणी छतातून वाट काढत दुसरीकडेच टपकू शकते. खाली डाग आहे म्हणून नेमके त्याच्या वरच छिद्र असेल, असे समजू नये.

कोब्यातील बारीक भेगा घरच्या घरी बुजवता येतात. भेग तारेच्या ब्रशने घासून साफ करावी, थोडी रुंद करावी, धूळ काढावी आणि बाजारात मिळणारे भेगा भरण्याचे मिश्रण दाबून भरावे. ते वाळल्यावर जलरोधक लेपाचे दोन हात द्यावेत. दुसरा हात पहिल्याला आडवा द्यावा. छत पूर्ण कोरडे असणे ही पहिली अट आहे. भर दुपारी तापलेल्या छतावर लेप घाईने वाळतो आणि नीट धरत नाही. त्यामुळे हे काम सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करावे आणि नवतपाच्या, म्हणजे मेच्या अखेरच्या कडक उन्हाआधीच संपवावे.

भिंतीवरील तडा कसा वाचावा

दुर्ग जिल्ह्याच्या अनेक भागांत काळी माती आढळते. छत्तीसगडी भाषेत तिला कन्हार म्हणतात. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर घर तिच्याबरोबर हलते आणि भिंतींना तडे जातात. विदर्भ आणि मराठवाड्यातील वाचकांनाही हा अनुभव परिचित असेल. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे पायाजवळ पाणी मुरू न देणे. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करावी. मोरीचे किंवा कूलरचे पाणी भिंतीलगत सोडू नये.

गिलाव्यातील केसासारखे बारीक तडे सहसा निरुपद्रवी असतात. तडा वाढतो आहे की नाही, हे ठरवण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. तीन महिन्यांनी तो रेघेपलीकडे गेला असेल, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत असेल, तर त्यावर पुट्टी फिरवून तो झाकणे म्हणजे पुरावा नष्ट करण्यासारखे आहे. अशा वेळी अभियंत्यालाच बोलावावे.

टाकी, कूलर आणि २०१८ ची साथ

घराची देखभाल हा केवळ भिंतींचा विषय नाही, याची जाणीव भिलाईला २०१८ च्या पावसाळ्यात झाली. त्या वर्षी भिलाई आणि दुर्ग परिसरात डेंग्यूची मोठी साथ आली आणि अनेक जण दगावले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातील आणि घराभोवतीच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. उघड्या टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरील टायर आणि कूलर ही त्याची आवडती ठिकाणे आहेत. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सर्व साठे रिकामे करून कोरडे करण्याचा सल्ला आरोग्य यंत्रणा देतात, तो याच हिशेबाने.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ही अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्या स्थितीतही काही महिने जिवंत राहू शकतात. म्हणून कूलरचे पाणी केवळ ओतून देणे पुरेसे नसते. टाकीच्या कडा ब्रशने घासणे आवश्यक असते. गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट बसवावे आणि जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो आणि बंदिस्त जागेत तो प्राणघातक ठरू शकतो.

गळणारी तोटीही दुर्लक्षित राहू नये. वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर पाणी वाया जाते. दोष बहुधा आतील वाशरमध्ये असतो. मुख्य झडप बंद करून, पान्याने तोटी उघडून वाशर बदलणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे.

वीज आणि गॅस : आधी बंद, मग हात

९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात वायुवाहिनीवर देखभालीचे काम सुरू असताना स्फोट झाला आणि दहाहून अधिक कर्मचारी मृत्युमुखी पडले. दुरुस्तीचे कामही जोखमीचे असते, हे या दुर्घटनेने अधोरेखित केले. जगभरच्या कारखान्यांत यासाठी एक क्रम ठरलेला असतो : पुरवठा बंद करणे, तो दुसऱ्या कोणी सुरू करू नये म्हणून कुलूप लावणे, खरोखर बंद झाला आहे की नाही याची चाचणी घेणे आणि त्यानंतरच कामाला हात घालणे. घरातही हाच क्रम पाळावा. दिव्याचे बटण बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. मुख्य स्विच बंद करावा, घरातील सर्वांना तसे सांगावे, टेस्टरने खात्री करावी आणि तो टेस्टरही चालू प्लगमध्ये आधी तपासून घ्यावा.

पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी, लोखंड आणि वीज एकत्र येतात. त्यामुळे पाणी भरण्यापूर्वी त्याचा प्लग काढून ठेवावा. घराला अर्थिंग असणे आणि जोडीला आरसीसीबी हे उपकरण बसवलेले असणे हा सर्वांत मोठा बचाव आहे. विजेची गळती तीस मिलिअँपिअरच्या आसपास पोहोचताच हे उपकरण पुरवठा तोडते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. फ्यूज वारंवार जात असेल तर जाड तार घालणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास फ्यूजऐवजी भिंतीतील तार तापते आणि आग लागण्याचा संभव असतो.

स्वयंपाकाच्या गॅसची रबरी नळी सामान्यतः पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर मुदत छापलेली असते. गळतीची शंका आल्यास नळी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे पाहावे. काडी पेटवून कधीही पाहू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.

कुठे थांबावे

वाशर बदलणे, पन्हाळी साफ करणे, बारीक भेगा बुजवणे, रंग देणे, बिजागरांना तेल घालणे ही कामे कोणीही शिकू शकतो. मात्र काही ठिकाणी आपण स्वतः हात घालू नये. खांब, तुळई आणि भार पेलणाऱ्या भिंती यांना अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय छिन्नी लावू नये. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईतील घाटकोपर येथे साईसिद्धी ही इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्या प्रकरणात तळमजल्यावर सुरू असलेले फेरबदल चौकशीच्या केंद्रस्थानी होते. उघडी पडलेली सळई नुसत्या गिलाव्याने झाकू नये. मीटरच्या अलीकडची वीजवाहिनी हे वीज कंपनीचे काम आहे. सिमेंटच्या पत्र्यांवर थेट पाय देऊ नये. जुने पत्रे अचानक तुटतात आणि त्यात ॲस्बेस्टॉस असल्यास ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. शिडी लावताना चार फूट उंचीला तिचा पाया भिंतीपासून एक फूट दूर ठेवावा आणि खाली धरण्यास एक माणूस उभा करावा.

वेळापत्रक आणि तरतूद

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात जमा करण्याची तरतूद आहे. कुरुदसारख्या वस्तीतील स्वतंत्र घराला असे कोणतेही बंधन नसते. तरीही तोच हिशेब मार्गदर्शक मानता येईल. दहा लाख रुपयांत बांधलेल्या घरासाठी वर्षाला दहा हजार, म्हणजे महिन्याला साधारण साडेआठशे रुपये बाजूला ठेवले, तर मोठ्या दुरुस्तीच्या वेळी कर्ज काढण्याची पाळी सहसा येत नाही.

एप्रिल आणि मेमध्ये छत, पन्हाळी आणि पायाभोवतीचा उतार पाहावा. जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला पाण्याचे साठे रिकामे करावेत आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर सर्व खोल्यांची छते पाहून ओलीच्या जागा लिहून ठेवाव्यात. दिवाळीनंतर भिंती वाळल्या की रंग आणि गिलाव्याची कामे घ्यावीत. हिवाळ्यात वायरमनकडून अर्थिंग आणि जोडण्या तपासून घ्याव्यात. कूलर, नळी, टाकी आणि तडा यांच्या तारखा एका साध्या वहीत नोंदवून ती वही कपाटात न ठेवता मुख्य स्विचजवळ टांगावी, म्हणजे घरातील प्रत्येकाला ती हाताशी सापडेल.