राइडिंग मोअर सुरू होत नाही? आधी हे बघा

अमेरिकेत एप्रिलमध्ये गवत वाढायला लागतं आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये उभा असलेला मोअर नेमका तेव्हाच अडून बसतो.

चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ वाजलं तर बॅटरी तपासा. मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड तारेच्या ब्रशने घासली की बरेचदा तेवढ्यावरच काम भागतं! आवाजच नाही? ब्रेक पूर्ण दाबलाय ना, पात्यांचा स्विच बंद आहे ना, बघा.

स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर माझा पहिला संशय टाकीत राहिलेल्या शिळ्या, इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं त्यानेच बुजतात.

पात्यांना हात लावण्याआधी मात्र स्पार्क प्लगची वायर काढाच.