भंडारदरा : प्रवरेच्या उगमाकडे

आपल्या नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळणारी प्रवरा उगम पावते ती अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून हे डोंगर घडले. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर येथेच आहे.

येथील मूळ रहिवासी महादेव कोळी आणि ठाकर. सावकारशाही व कंपनी सरकार यांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच मातीतले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. पुढे १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्यास सुमारे ८२ मीटर उंचीचे दगडी धरण उभे राहिले व त्यास मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले. नावे कोणाची कोरली जातात, हेही इतिहासाचे एक साधनच होय!

नदीकाठची सपाट जमीन जलाशयाखाली गेली. पाणी मात्र कालव्यांनी खालच्या मैदानात पोहोचले. तेथे ऊस पिकला आणि १९५० मध्ये प्रवरेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आज पावसाळ्यापूर्वी काजवे पाहण्यास पर्यटकांची रीघ लागते. त्याच दिवसांत उतारावरील नाचणी-वरईची शेते पावसाची वाट पाहत असतात.