उलट्या थांबल्या, तपासण्या थांबवू नका

चौथा महिना लागला की बहुतेकींच्या उलट्या थांबतात. फोडणीचा वास सोसवतो, झोप लागते, अंगात जोर येतो. मग घरचे म्हणतात, "आता बरी झाली, चल निंदायला." बाईलाही वाटतं, दुखत नाही तर मजुरी बुडवून दवाखान्यात कशाला जायचं? हिवरा आश्रमच्या आसपासच्या वस्त्यांत हे मी सारखं ऐकते. चौथ्या ते सातव्या महिन्याचा हा काळ खरंच त्यातल्या त्यात सुखाचा असतो. पण रक्त कमी होणं, बीपी वाढणं, साखर वाढणं हे सुरुवातीला दुखत नाही. तपासल्याशिवाय कळतच नाही.

या दिवसांत पोट दिसू लागतं, बेंबीखाली काळी रेघ उमटते, चेहऱ्यावर डाग येतात. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, कंबर भरते, शौचाला कडक होते. झटकन उठलं तर जांघेत चमक निघते. हे सगळं गरोदरपणात शरीरात होणाऱ्या बदलांमुळे होतं, घाबरू नका. पहिलटकरणीला बाळाची हालचाल 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास कळते, आधी बाळंत झालेलीला थोडी लवकर. सुरुवातीला ती पोटात गॅस फिरल्यासारखीच वाटते. 24 आठवडे झाले तरी काहीच जाणवलं नाही, तर दाखवून या.

आता रक्ताचं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात, 7 च्या खाली म्हणजे धोका. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, तरी फळीवर पडून राहते. का, तर शौच काळी होते, मळमळतं. आणि "गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं" असं सांगणारी एखादी आजी प्रत्येक गल्लीत असतेच! शौच काळी होणं लोहामुळे आहे, त्यात वाईट काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. दोन तासांचं अंतर ठेवा. जंताची एक गोळीही याच काळात देतात. कमी जेवून बाळ बारीक ठेवलं तर बाळंतपण सोपं होत नाही, बाळ मात्र अशक्त जन्मतं. भाकरीसोबत डाळ, भिजवलेले हरभरे, शेवग्याची भाजी, अंडी, वरून लिंबू, एवढं आपल्या घरात जमतं. डोहाळजेवणाला पाच पक्वान्नं आणि रोजच्या ताटात तिची पाळी शेवटी, हे मला पटत नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना 2016 पासून आहे आणि चौथ्या महिन्यापासूनच्या बायांसाठीच आहे. वजन, बीपी, रक्त, लघवी बघतात. बाळाची जडणघडण बघणारी सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत व्हावी. उशीर झाला तर दोष सापडूनही निर्णयाला वेळ उरत नाही. मुलगा की मुलगी विचारू नका, तो गुन्हा आहे. 24 ते 28 आठवड्यांत ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर तपासतात. 140 किंवा जास्त आली तर डॉक्टर पुढचं सांगतील. माहेरी, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, म्हणजे तिथल्या दवाखान्याला मागचं सगळं कळेल.

1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. शेतात रोजानं जाणाऱ्या बाईला अशी पगारी रजा आजही नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पात्र बाईला 5000 रुपये मिळतात. आशाताईकडे अर्ज भरा. काम बंद करा असं मी म्हणत नाही, चूल कशी पेटते ते मला माहीत आहे. पण डोक्यावर ओझं नको, फवारणी नको आणि दुपारी दोन तास कुशीवर पडायला मिळालं पाहिजे. हे नवऱ्यानं आणि सासूनं वाचावं.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा आणि हात सुजणं, ताप, लघवीला आग, पोटात सारख्या कळा, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एकही दिसलं तर 9 तारखेची वाट बघू नका. 102 किंवा 108 ला फोन लावा, गाडी फुकट येते.